नळाजवळचा माणूस

ज्या सिनेमाचा शेवट तो काढणाऱ्यालाही नीटसा कळलेला नसतो, तो आमच्या व्याह्यांना कळतो. ही अतिशयोक्ती नाही. खानदेशात अतिशयोक्ती फक्त उन्हाची आणि मिरचीची करतात, आणि तीही कमीच पडते. माझी मुलगी दिली आहे जळगावला, मी राहतो धुळ्याला. मधल्या रस्त्यावर एसटीनं जाता-येता गेल्या नऊ वर्षांत मी जेवढा विचार केला असेल, त्यातला निम्मा तरी या एका माणसाबद्दलचा आहे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. मीही आबाच म्हणतो. ते मात्र मला कधी नावानं, कधी पदवीनं हाक मारत नाहीत, नुसतं 'याही' म्हणतात. अहिराणीत व्याह्याला याही म्हणतात. पण त्यांच्या तोंडून तो शब्द असा येतो की आपण कुठल्यातरी मोठ्या खटल्यातले साक्षीदार आहोत असं वाटायला लागतं.

आबा कापसाचे ग्रेडर. जिनिंगमध्ये कापसाची गाडी आली की तिच्यात हात घालायचा आणि हा माल कुठल्या प्रतीचा ते सांगायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. निवृत्ती नावाची गोष्ट त्यांनी कागदावर स्वीकारली आणि कागद कपाटात ठेवून दिला. हंगाम सुरू झाला की त्यांची जुनी मोपेड गावाबाहेरच्या जिनिंगकडे आपोआप वळायची. मी एकदा त्यांचं काम बघायला मुद्दाम गेलो होतो. गाडीवर वरून पाहिलं तर कापूस पांढराशुभ्र, ऊन पडलं की डोळे दिपावेत असा. आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाही वर सारली, हात कोपरापर्यंत आत खुपसला, मधली मूठभर सरकी-कापूस बाहेर काढला, दोन अंगठ्यांच्या चिमटीत धागा ओढला, सोडला, पुन्हा ओढला. शेतकरी त्यांच्या भुवयांकडे बघत उभा. एका बहाद्दरानं मधेही कोरडा कापूस भरला होता आणि पाणी मारलेला तळाला दडवला होता. आबांनी मूठ सोडून दिली, गाडीभोवती एक चक्कर मारली, पिकपची मागची चाकं बुटानं दाबून पाहिली आणि एवढंच म्हणाले, "भो, एवढासा कापूस आनी टायर एवढं काब्रं दबनं?" टायर का दबले ते न सांगताच त्या माणसानं गाडी वळवली. वाद घालायचा विचारही त्याच्या मनात आला नाही, आणि मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

हीच त्यांची सिनेमा पाहण्याची पद्धत. रहस्यपट हा त्यांचा एकमेव शौक. प्रेमाचे, विनोदाचे, देवाधर्माचे सिनेमे ते 'सरळ कापूस' म्हणून सोडून देतात. ज्यात कुणीतरी मेलेलं आहे, कुणीतरी खोटं बोलतंय आणि शेवटी पडदा काळा झाल्यावर लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत "म्हणजे नक्की झालं काय?" असं विचारत बाहेर पडतात, तो सिनेमा आबांचा. बरोबर मधल्या रांगेत मधली खुर्ची. खायला काही नाही, प्यायला काही नाही, शेजाऱ्याचा मोबाईल उजळला तर त्याच्याकडे असं बघायचं की तो बिचारा मोबाईल बंद करून वर क्षमाही मागतो. सिनेमा संपला की झाडूवाली येईपर्यंत बसून राहायचं. आणि शेवटाबद्दल बोलायचं नाही! जग शेवटावर भांडत असताना आबा मध्यंतराच्या आधीचा एखादा क्षण उचलतात. बाईनं दोन कप मांडले आणि एकातच चहा ओतला, ते कुणी पाहिलं का? इन्स्पेक्टर दार उघडायच्या आधी चपला काढतो, म्हणजे तो या घरात पूर्वी आलेला असणार, नाही का? "शेवट म्हंजे गाडीवरला कापूस, याही," ते मला समजावतात. "तो दखाडाकरताच ठेयेल ऱ्हास. हात मझार घाला." मी सरकारी कचेरीत जन्मभर आवक-जावक सांभाळली. कागद आत घेतले, कागद बाहेर पाठवले. मधे काय लिहिलंय ते वाचायची माझ्यावर कधी वेळ आली नाही. त्यामुळे मझार, म्हणजे आत, हात घालणारा माणूस मला पहिल्या दिवसापासून थोर वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडा खुपलाही.

पहिला दिवस म्हणजे मुलगी दाखवण्याचा. पोहे झाले, शिरा झाला, शिक्षण-नोकरी-नातीगोती सगळं झालं. मुलाचे वडील या नात्यानं आबांनी काहीतरी विचारावं म्हणून सगळे थांबले. आबांनी बशी हातात धरून माझ्या मुलीला विचारलं, "माय, शेवटचा खुनाचा पिक्चर कोणता पाहिला?" मुलीनं घाबरत घाबरत नाव सांगितलं. "मग खुनी बरोबर पकडला का?" यावर माझी मुलगी, जिला आम्ही दोन दिवस 'कमी बोल' म्हणून बजावलं होतं, ती म्हणाली, "खून त्यानं केलाच नव्हता. त्याला नुसतं पकडलं जायचं होतं. घरी परत जायची त्याला लाज वाटत होती." आबांनी बशी खाली ठेवली. "पसंत शे," ते बायकोकडे वळून म्हणाले, "पोरगी मधला कापूस काढस." मुलानं अजून मान वर करून मुलीकडे पाहिलंही नव्हतं. माझ्या बायकोला वाटलं, माणूस वेडा आहे. मला वाटलं, मुलीला सासरी समजून घेणारं कुणीतरी भेटलं. नऊ वर्षांनंतर दोघांचंही म्हणणं खरं ठरलेलं आहे.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांच्या दरबारात कुणी दुष्ट नसतं. खुनी, खंडणीखोर, भावाच्या जेवणात विष कालवणारा भाऊ, सगळ्यांची बाजू आबा ऐकून घेतात, तीही अशी की जणू तो माणूस ओसरीवर पाणी पीत बसला आहे. "कापूस जलमनाच वला नही ऱ्हास," असं त्यांचं तत्त्वज्ञान, "त्याले कोनी तरी वला करस." त्याला ओला कुणी केला, हे शोधून काढेपर्यंत त्यांना चैन पडत नाही. एकदा आम्ही दोघं धुळ्याहून जळगावला निघालो होतो आणि पारोळ्यापासून आबा एका सिनेमातल्या सासऱ्याची बाजू मांडत होते. त्या सासऱ्यानं तिघांना विहिरीत ढकललं होतं. एरंडोल येईपर्यंत आजूबाजूच्या आठ-दहा बाकांवरचे लोक वळून बसले होते आणि कंडक्टर तिकिटांचं मशीन काखेत धरून उभा होता. स्टँडवर गाडी थांबली, चढणारे चढले, उतरणारे काही उतरेनात. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "आबा, तेवढं तिसऱ्याला का ढकललं ते सांगा, मग डबल बेल देतो." आबांनी सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं त्या सासऱ्यासाठी डोळ्यांना पदर लावला. विहीणबाईंना मात्र या करुणेचं कौतुक नाही. त्या म्हणतात, "सिनेमामधल्या बाया यासले बठ्ठ्या समजतस. घरमधली बाई चाळीस वरीस व्हई गयात, आजून समजनी नही."

अशा माणसाला हरवावं असं मला वाटणं स्वाभाविक होतं. मी तसे प्रयत्न केले. सिनेमा आधी चोरून पाहिला, मोबाईलवर त्याचे अर्थ लावणारे लांबलचक लेख वाचले, मुद्दे पाठ केले आणि जळगावला जाऊन सहज सुचल्यासारखे मांडले. आबा सगळं शांतपणे ऐकून घेत आणि शेवटी मायेनं विचारत, "याही, हे तुमना हातनं काढेल शे का कोनी दिन्हं?" पुढे बोलण्यात अर्थ नसे. जावईबापू हसू लपवायला आत जात.

जावईबापूंची काळजी वेगळी होती. सत्तरी ओलांडलेल्या बापानं हमरस्त्यावर मोपेड चालवू नये, जिनिंगच्या धुळीत दिवसभर उभं राहू नये, असं त्यांचं म्हणणं. दर दिवाळीला हा विषय निघे आणि दर दिवाळीला आबा एकच उत्तर देत. "ज्या दिन मन्हा अंदाज चुकी, त्या दिन मी सोताहून घर बशी जासू." चाळीस वर्षांत अंदाज चुकलेला नव्हता, कापसाचाही नाही आणि सिनेमाचाही नाही. त्यामुळे विषय तिथेच मिटे. पण हे वाक्य नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. आबा चुकले तर आबा खरोखरच घरी बसतील, आणि घरी बसलेले आबा म्हणजे काय असतील याची कल्पना करायला कुणी तयार नव्हतं.

आणि मग यंदा तो सिनेमा आला. घाटातल्या गावात राहणारी एक बाई. नवरा एक दिवस नाहीसा होतो. ती सांगते, कामाला परगावी गेला. नवऱ्याचा भाऊ शोधायला येतो, घरात राहतो, एकेक कपाट उघडतो. बाई स्वयंपाक करते, कमी बोलते. तिनं नवऱ्याला मारलं, की तोच तिच्या तावडीतून सुटून पळाला, की दोघांचं संगनमत आहे, काही कळत नाही. शेवटी सकाळच्या वेळी ती पिशवी घेऊन एका लहानशा स्टेशनावर येते. गाडी येते, ती चढते, गाडी निघते. आणि फलाटाच्या अगदी डाव्या टोकाला, पाण्याच्या नळाच्या जरा पलीकडे, एक माणूस पाठमोरा उभा असतो, हातात छत्री. तो वळणार असं वाटतं तेवढ्यात पडदा काळा. झालं! सारं जळगाव त्या माणसावरून दुभंगलं. कुणी म्हणालं तो नवराच, जिवंत आहे, कुणी म्हणालं तो दीर, तिच्या मागावर आहे, कुणी म्हणालं तो पोलीस. एका सलूनमध्ये म्हणे अर्धी दाढी झालेला माणूस पोलीसवाल्यांच्या पक्षातला निघाला म्हणून न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. आबांनी सिनेमा दुपारच्या खेळाला पाहिला, नेहमीप्रमाणे मधल्या खुर्चीतून.

निकाल लागला तो भरिताच्या पार्टीत. थंडीत शेतावर जमायचं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यात हिरवी भरताची वांगी भाजायची, ठेचायची आणि केळीच्या पानावर पुऱ्यांबरोबर हाणायची, हा आमच्याकडचा सोहळा. जिनिंगवाल्यांची पार्टी होती, मीही धुळ्याहून गेलो होतो. वांग्याची सालं काढता काढता त्या माणसावरून जुंपली. एक प्राध्यापक होते, ते सिनेमावर व्याख्यानं देतात. त्यांनी तो माणूस दीरच कसा, हे छत्रीच्या मुठीवरून सिद्ध करत आणलं होतं. कुणीतरी म्हणालं, आबांना विचारा. वीस माणसं त्यांच्याकडे वळली. पऱ्हाट्या तडतडत होत्या. आबांनी हातातली पुरी पानावर ठेवली आणि म्हणाले, "कोनता मानूस?"

"तो, नळाजवळचा."

"तठे कोनीच नही शे," आबा म्हणाले. "ती एकटी शे. एकटीच जाई ऱ्हायनी."

काय सांगू त्या क्षणाचं! प्राध्यापकांच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. मग आबांनी मधल्या भागातून एकेक मूठ काढून दाखवली. ती बाई पहिल्यांदा खोटं कधी बोलली, कुणाशी बोलली, तिला ओलं कुणी केलं. घरात दीर असताना तिनं पाण्याचा हंडा कसा दाराकडे पाठ न करता उचलला. नवरा गेला तो आपल्या पायानं गेला, भ्याडासारखा गेला, आणि तो मेला असता तर बरं असं तिला वाटत राहिलं, या वाटण्याचीच तिला भीती होती. स्टेशनावर येईपर्यंत ती त्या भीतीतून सुटली. आता तिच्या मागे कुणी नाही. आबा बोलायचे थांबले तेव्हा प्राध्यापक हळूच म्हणाले, "म्हणजे तो माणूस आपल्या मनातला. आपल्याला दिसतो, कारण आपण तिच्यावर संशय घेतो. पाहणाऱ्याच्या संशयाचं ते रूप!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पडद्यावर धडधडीत दिसणारा माणूस या गृहस्थानं नुसत्या बुद्धीच्या जोरावर पुसून टाकला होता. 'तो माणूस नाहीच' हे वाक्य दोन दिवसांत जळगावभर झालं, आठवड्यात फैजपूर, भुसावळ करत वरणगावपर्यंत पोचलं, आणि नरडाण्याच्या माझ्या साडूनं मला फोन करून तेच मोठ्या गुप्ततेनं ऐकवलं.

पार्टीच्या दुसऱ्या दिवशी मी मुलीकडेच होतो. सकाळी ओसरीवर आम्ही दोघं व्याही बसलो होतो. मुलीनं चहा आणून आबांच्या डाव्या हाताला ठेवला. मी माझा प्यायलो. जरा वेळानं आबा म्हणाले, "माय, चहा झाया नही का?" मुलगी आतून हसली, "आबा, तुमच्या शेजारीच तर आहे. हल्ली असंच करतात बघा पप्पा. परवा रिक्षाला गाडी घासली आणि वर म्हणे, रिक्षा आली कुठून?" आबाही हसले. मी हसलो नाही. आदल्या दिवशी शेतात त्यांना डावीकडून पाण्याचा तांब्या पुढे केला होता, तो त्यांनी घेतला नव्हता. मला वाटलं होतं, विचारात आहेत. निघताना बांधावरच्या बाभळीच्या फांदीला त्यांचा खांदा लागला होता. मी चहाचा कप खाली ठेवला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आबा, त्या सिनेमात शेवटी फलाटावर काय काय होतं हो?"

"बाक. घंटा. नळ."

"आणि नळाच्या बाजूला?"

"नळना बाजूले काय ऱ्हास, याही? चिखल ऱ्हास."

त्यांनी तो माणूस पुसला नव्हता. त्यांना तो दिसलाच नव्हता.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या क्षणी मला सर्वांत आधी जे वाटलं, ती काळजी नव्हती. नऊ वर्षं या माणसापुढे मी गप्प बसलो होतो, आणि आज आबा चुकले होते, तेही वीस माणसांदेखत, आणि हे जगात मला एकट्याला माहीत होतं. क्षणभर, अगदी क्षणभरच, पण मला गुदगुल्या झाल्या. मग मोपेड आठवली. हमरस्त्यावरचे ट्रक आठवले, डाव्या बाजूनं येणारे. आणि त्यांचं ते दिवाळीचं वाक्य आठवलं. सांगावं, तर आबांचा अंदाज चुकला हे त्यांना कळणार आणि ते घरी बसणार. न सांगावं, तर एक दिवस मुलीचा फोन येणार. परतीच्या गाडीत पारोळा कधी गेलं मला कळलं नाही. धुळ्यात आल्यावर मी दहा दिवस घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. बायकोनं विचारलं, पोट बिघडलंय का. मी हो म्हणालो. रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायचा, मुलीचा नंबर काढायचा आणि हवापाणी विचारून ठेवून द्यायचा. अकराव्या दिवशी तिनं बोलता बोलता सांगितलं की आबा जिनिंगहून अजून यायचे आहेत, उशीर झालाय, आणि मी सगळं सांगून टाकलं. माणूस, नळ, चहाचा कप, सगळं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पप्पा, मलासुद्धा वाटलं होतं की तो माणूस त्यांनी विचार करूनच काढला."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू. कडेकडेनं नजर जाते, मधली राहते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली परत येणार नाही. उरलेली टिकवायला रोज थेंब घालायचे. गाडी बंद. आबांनी डॉक्टरांना फक्त एक प्रश्न विचारला, हे कधीपासून असेल. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी. घरी आल्यावर कुणी काही म्हणायच्या आत आबांनी मोपेडची किल्ली जावईबापूंच्या हातात दिली आणि जिनिंगला फोन करून सांगितलं, मी उद्यापासून येणार नाही. मालक स्वतः दोनदा घरी येऊन गेले. कापूस बोटांनी पाहायचा असतो, डोळ्यांनी नाही, असं त्यांनी परोपरीनं विनवलं, आणि ते खरंही होतं. आबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मुलीनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज चिडका होता, पण माझ्यावर चिडलेला नव्हता.

मी महिनाभर जळगावकडे फिरकलो नाही. शेवटी बायकोनंच पिशवी भरून दिली आणि मला गाडीत बसवलं. दुपारची वेळ होती. आबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते, थोडे वाळल्यासारखे. मी त्यांच्या समोर, बरोबर मधे बसलो. इकडचं-तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "याही, सूनबाईले तुमीच सांगं ना?"

"मीच सांगितलं, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सिनेमातल्या माणसांकडे पाहतात तसं, घाई न करता. "पहिले तुमले बरं वाटनं," ते म्हणाले. "आबा चुकना, असं. मंग भ्या वाटनं. मंग फोन गया." मी मान खाली घातली. "त्यामा काय शे? दोन्ही खरं शे. एकच खरं ऱ्हास, असं कोनी सांगं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझी बाजूही त्यांनी ऐकून घेतली होती, मी ती मांडलेली नसताना. माझे डोळे भरून आले, आणि ते त्यांना दिसलं की नाही, मला माहीत नाही.

आत विहीणबाई भांडी लावत होत्या. मग आबांनी विचारलं, "तठे खरंच मानूस व्हता का हो?"

"होता."

"कसा उभा व्हता?"

"पाठमोरा. हातात छत्री होती. वळता वळता पडदा काळा होतो."

आता ते काहीतरी सांगतील, छत्रीवरून, पाठीवरून, नळावरून, आणि पुन्हा एकदा सगळं जळगाव तोंडात बोट घालेल, असं मला वाटलं. मला ते हवंही होतं. पण आबा रस्त्याकडे बघत राहिले. "म्हंजे ती सुटनी नही," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "मी तं तिले सोडी दिन्हं व्हतं."

मी म्हटलं, "आबा, लोक अजून तुमचंच खरं धरून चाललेत."

"मंग कोनले सांगू नका," ते म्हणाले. नऊ वर्षांत त्यांनी माझ्याकडे केलेली ती पहिली विनंती. "मन्हाकरता नही. मन्हं काय, मी घर बसनू. पन लोकेसना मनमा ती एकटी जाई ऱ्हायनी. जाऊ द्या तिले."

मुलगी थेंबांची बाटली घेऊन बाहेर आली. आबांनी चष्मा काढून मान मागे टाकली आणि तिनं दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला. त्या बाईला जाऊ द्यायचं, म्हणून सिनेमाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. कुणी विचारलं तरी सांगणार नाही.